वैशूच्या डोक्यावरची शपथ

प्रिय गजू,

अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर केला, रागावू नकोस. तू गेलास तेव्हा तुझी वैशू तिसरीत होती. आता ती अर्ध्या गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवते. एवढा उशीर! मधल्या वर्षांत तुला लिहावंसं वाटलं नाही असं नाही. पण मेलेल्या भावाला पत्र लिहिणारा म्हातारा डोक्यानं गेला असं लोक म्हणतील, ही भीती वाटायची. मला कशाचीही भीती वाटते, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? तू विहिरीत उड्या मारायचास आणि मी काठावर तुझे कपडे धरून रडायचो.

आज भीतीनंच लिहायला बसवलं आहे. सोमवारी वैशूचं ऑपरेशन ठरलं आहे. तिसऱ्यांदा. त्याच जागेचं. कोणत्या जागेचं ते तुला लिहून सांगायला हवं का?

तुझी वहिनी आत्ताच डोकावून गेली. "एवढं काय लिवून राह्यले? सरपंचकीले उभे राहता काय?" म्हणाली. मी कागदावर हात ठेवला. ती हसत गेली, पण पुन्हा येईल. म्हणून भरभर लिहितो. अक्षर वाईट आहे, समजून घे. सातवीच्या पुढे मला शाळेनं ठेवलं नाही आणि तुझ्यासारखं डोकंही नव्हतं.

सांगतो सगळं.

मागच्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, मी दारव्ह्याच्या बाजारातून जीपनं परत येत होतो. वैशूही होती, मशीनचे दोरे आणायला गेली होती. जीपमध्ये बसायला जागा होती. आपल्या रस्त्यावर असं कधी होतं का! तरी पोरगी वाकून उभीच. जीपवाला म्हणाला, "बस न वं बाई, सीटले काय काटे हायेत?" सगळे हसले, तीही हसली. मग बसली ती एका अंगावर, डावा कुल्ला उचलून, ओठ दाताखाली धरून.

असा बसणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला आहे. बैलबंडीवर बसून शेतात जाताना, एका हातानं दांडी धरून, रस्त्यातला प्रत्येक दगड आधीच ओळखून अंग उचलणारा.

आठवतं ना रे तुला? आधी नुसतं गळू होतं. बसून बसून होतं, जाईल, असं आपण म्हटलं. ते फुटलं आणि बरं वाटलं. मग शेजारी दुसरं. मग जुन्यातूनच पू यायला लागला. त्यात पोट बिघडलेलं, सारखं शेतात कापसाच्या पऱ्हाटीच्या आड पळावं लागायचं. तोंडात फोड, त्यामुळे तिखट खाता येईना. अंगावरचा सदरा दर महिन्याला मोठा होत गेल्यासारखा दिसायचा. शेवटी एक दिवस कोठ्यात बैलांना ढेप घालताना तू मला म्हणालास, "दादा, मले काहीतरी दाखवाचं हाय. पण हासजो नको."

मी हसलो नाही. मला रडू आलं.

त्यानंतर रोज सकाळी कोठ्यात आपला दवाखाना. लाल औषधाचं कोमट पाणी, आणि दुकानातला कापूस संपला की घरचाच. सरकी बोटांनी काढून, पिंजून, मी तो तुझ्या जखमेवर ठेवायचो. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, घरात तो छताला लागला होता. तुझ्या कामाला मात्र आला. तुझी वहिनी तुझ्या बायकोला, शोभाला, सांगत होती म्हणे, "दोघं भाऊ रोज कोठ्यात दार लावून बसतात. वाटण्या करतात वाटते!"

तू पालथा पडून म्हणायचास, "दादा, लहानपणी तूच धुवत होता, आताही तूच धुवून राह्यला. मी काही मोठा झालोच नाही."

तू दुखण्याला हसू शकत होतास. लोकांच्या हसण्याला मात्र फार भ्यायचास. तुझंही चूक नव्हतं. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्याला भगंदर होतं, तर गावानं त्याचं नावच 'गळका' पाडलं. तो मेला, त्याची पोरं म्हातारी झाली, तरी त्यांना गळक्याची पोरं म्हणतात. तुझ्या डोक्यात तेच बसलं होतं. "माह्या वैशूले कोणी गळक्याची पोर म्हणलं तर?" हे तू किती वेळा बोललास!

आणि मग ती शपथ.

वैशू बोरं खात कोठ्यात आली होती. तू तिला जवळ ओढलंस, माझा हात धरलास आणि तिच्या डोक्यावर ठेवलास. "दादा, घे शपथ. हे दुखणं कुठी हाय, कोणाले सांगाचं नाही. शोभाले नाही, वहिनीले नाही. मी मेलो तरी नाही."

वैशूनं विचारलं, "बाबा, कायची शपथ?"

"बोरं चोराची," तू म्हणालास.

तिला फार गंमत वाटली. डोकं हलू नये म्हणून ती मान ताठ धरून उभी राहिली. माझ्या तळहाताला तिचे तेलकट केस लागले. मी घेतली शपथ. घेतली आणि पाळली.

पण गजू, एक विचारू? पोरीचीच कायले घातली रे? बैलाची घालायची होती! दोन्ही बैल केव्हाच गेले. मी कधीचा मोकळा झालो असतो.

तू लपवलंस दुखणं आणि गावानं भलतंच ओळखलं. ते दिवसच तसे होते. आज या गावातून कोणी औषध प्याल्याची बातमी, उद्या त्या गावातून. जेवणावरून उठणारा, गप्प राहणारा, एकटाच शेताकडे जाणारा माणूस दिसला की लोक आधी फवाऱ्याची बाटली कुठं आहे ते बघायचे. तू लग्नाच्या पंगतीत बसेनास, पारावर टेकेनास, वाळत चाललास. झालं! शोभानं फवारणीचं औषध शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं. दोर उचलून माळ्यावर टाकला. तू पऱ्हाटीत गेलास की कोणी ना कोणी मागून येऊन खाकरायचं.

एकदा तू चिडून आलास. "दादा, मले हागाले तरी मोकळं सोडा म्हणा! तीन जण राखणीले उभे होते. एक तर म्हणे, गजाननभाऊ, लेकराकडं पाहा, असं करू नका. अरे, पोट बिघडलेल्या माणसानं काय लेकराकडं पाहावं?"

आपण दोघं इतकं हसलो की बैल बुजले.

शहरातून एक साहेब जीपनं आले, तेही आठवतं. झोप येते का, जीव नकोसा वाटतो का, असं मायेनं विचारलं. तू म्हणालास, "साहेब, बसता येत नाही." त्यांना वाटलं, मन लागत नाही म्हणतो. धीर देऊन गेले. चांगला माणूस होता. त्यानं एकदा जरी विचारलं असतं, का बसता येत नाही म्हणून! तू सांगितलं असतंस का, कोण जाणे.

बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या मूळव्याधीच्या डॉक्टरानं कापलं. महिन्यानं पुन्हा कापलं. जखम भरलीच नाही, उलट वाट मोठी झाली. मी म्हणत होतो, यवतमाळला जाऊ, नागपूरला जाऊ. तू म्हणायचास, फवारणी होऊ दे, मग वेचणी होऊ दे. मी तुझ्या पाठीमागं किरकिर करत होतो आणि तू म्हणत होतास, "दादा, तू बुवा भेकड हायस."

त्या दिवशी तू पंपाजवळ पडलेला सापडलास. अंगाला हात लावला तर तवा. तोंडानं बरळत होतास. मी हाक मारली, माणसं जमली. तिथं फवाऱ्याचा पंप, कपड्यांना औषधाचा वास, आणि तू पडलेला. काय समजायचं ते लोक समजले. कोणी तरी तांब्याभर मिठाचं पाणी घेऊन धावत आलं. "पाजा, पाजा, ओकू द्या!" मी ओरडत होतो, ताप आहे रे त्याला, ताप! ऐकतो कोण? जीपमध्ये मी तुला पालथं निजवलं, माझ्या मांडीवर. उताणा तू निजू शकत नव्हतास, हे मलाच माहीत. बघणाऱ्यांना वाटलं, ओकायला घातला आहे.

यवतमाळ लागायच्या आत तू गेलास.

मी घरोघरी सांगितलं, तापानं गेला. लोकांनी माना हलवल्या. कोणी वाईट बोललं नाही. पण ज्या घरी खरंच औषध घेतलं होतं, त्या घरचेही तापानंच म्हणत होते ना! मग माझा ताप कोण खरा मानणार? ताप का आला, कुठून आला, ते सांगितलं असतं तर मानलं असतं. आणि मी तर पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बसलेला.

शोभानंही मानलं नाही. तिच्याशी कसं बोलणार? ती भावसून, मी तिचा थोरला दीर, भासरा. आम्ही एकमेकांसमोर खाटेवर बसत नाही, तिथं मी अशा जागेची गोष्ट काढणार! ती आजही समजते, बाटली शेजाऱ्यांकडे ठेवण्यात आपलंच काही चुकलं असेल.

आणि वैशू? तिला कोणी गळक्याची पोर म्हटलं नाही, गजू. तुझी ती इच्छा पुरी झाली. शाळेत तिला औषध प्यालेल्याची पोर म्हणाले.

सातवीत असताना तिनं मला विचारलं, "मोठे बाबा, माह्या बाबानं औषध घेतलं तवा मी कुठी होती?" मी म्हटलं, "बेटा, औषध नाही घेतलं. ताप होता." ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं आपण दयेनं खोटं बोलणाऱ्याकडे बघतो. तेव्हापासून ती तुझ्या फोटोला हार घालत नाही. शोभा घालते. वैशू म्हणते, "ज्याले मी दिसली नाही मरताना, त्याच्याकडं मी काहून पाहू?"

हे वाचून तुला लागेल. मला रोज लागतं.

आता तिचं ऐक. जीपमधल्या त्या दिवसानंतर मी तिच्यावर नजर ठेवली. मशीनवर बसताना खाली चादरीची चुंबळ करून ठेवते. शिवता शिवता उठून जाते. मिरचीचा ठेचा तिचा जीव की प्राण, तो सोडला. दंड बघ, काडी. आणि शोभानं काय करावं? फिनेलची बाटली लपवली! माझ्या दारात येऊन, पदर डोक्यावर ओढून, तुझ्या वहिनीला म्हणाली, "बाई, पोरगी बापासारखी गप झाली. काही करून घेईन वं ते." अख्खं घर पुन्हा त्याच चुकीवर पहाऱ्याला बसलं. पोरीच्या मागं आई, आईच्या मागं शेजारीण. वैशू वैतागून म्हणाली, "आई, मी संडासात जाऊन राह्यली, विहिरीत नाही!"

तुझीच पोर आहे रे.

शेवटी धुण्यात डागाचे कपडे सापडले तेव्हा शोभाला कळलं. दारव्ह्याला नेलं, कापलं. चार दिवस बरं. मग यवतमाळला नेलं, कापलं. पुन्हा वाहतंच. आता म्हणतात, एकदा मोठं कापू म्हणजे मोकळं.

पण तिथं ड्रेसिंगला एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं वैशूला बसवून घेतलं, म्हणजे कुशीवर निजवलं, आणि तोंडातले फोड विचारले, पोट विचारलं, सांधे दुखतात का विचारलं. म्हणाली, हे नुसतं भगंदर नसेल. आतड्याचा आजार असतो एक, तो खाली अशा वाटा फोडतो. क्रोन्स असं नाव आहे. टीबीही असू शकतो, दोन्ही सारखेच दिसतात. नागपूरला जाऊन दुर्बिणीनं आतडं बघा, तुकडा तपासा, मगच कापायचं का ते ठरवा. तो आजार असला आणि आतली सूज न थांबवता नुसतं कापत राहिलं, तर जखमा भरत नाहीत.

भरत नाहीत! गजू, हे मी भिंतीआडून ऐकलं. मी घरात होतो, त्या दोघी ओट्यावर. वैशू तुझ्या वहिनीला हळू आवाजात सांगत होती.

"मंग जा न नागपूरले," वहिनी म्हणाली.

"नाही जात. आता आणखीन किती जणाले दाखवू मोठीमाय? इथंच कापू दे, संपू दे." मग म्हणाली, "थे विचारे, घरी कोणाले असं होतं काय? मी म्हटलं, नाही. माहा बाप तर औषध पिऊन गेला."

माझ्या हातातला चहा अंगावर सांडला. पोळल्याचंही कळलं नाही.

तुझं दुखणं तेच होतं का? आता कोण सांगणार! मी डॉक्टर नाही. पण तोंडातले फोड मी पाहिले आहेत, न भरणारी जखम मी रोज धुतली आहे. तेच असेल तर? डॉक्टरीण म्हणाली, मुळापासून जाणारा नाही, पण गोळ्या-इंजेक्शनांनी आवरून धरता येतो, माणूस कामधंदा करतो. तू कामधंदा केला असतास, गजू? आज माझ्यासारखा चष्मा लावून किरकिरत बसला असतास?

आणि मी काय करू, सांग. शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याला लागते. आई म्हणायची, आजी म्हणायची. मी जन्मभर मानत आलो. नाही मोडली, तर सोमवारी ते तिला कापतील. मोडली तरी वैशू, पाळली तरी वैशू! माझा हात अजून त्या तेलकट केसांवरून निघालेलाच नाही.

काल मी तुझ्या वहिनीला असंच विचारलं, "शपथ घालणारा मेला तर शपथ कोण सोडवते वं?"

"तुमाले कोनं घातली? दारू सोडाची हाय काय? पेत तर नाही तुमी."

"सांग न."

"ज्यानं घातली थोच सोडवते. थो मेला तर शपथही मेली."

"आन् नाही मेली तर?"

"तर तुमी मरसान काळजीनं," ती म्हणाली आणि तूर पाखडायला लागली.

तिचं म्हणणं खरं असेल. पण माझं मन मानत नाही. म्हणून तुलाच लिहितो.

मी ठरवलं आहे ते ऐक. रविवारी सकाळी मी तिच्या मशीनजवळ जाईन. शोभालाही बोलावीन. भासरा-भावसून गेली चुलीत, त्या दिवशी पाठ फिरवून बोलीन पण बोलीन. तुझं दुखणं कुठं होतं, कोणी कापलं, कसं भरलं नाही, सगळं. आणि हेही, की तू औषध घेतलं नाहीस. तू वेचणी झाली की नागपूरला जाणार होतास. तू तिला सोडून गेला नाहीस, तुला ताप घेऊन गेला. ऑपरेशन थांबवून मी तिला नागपूरला नेईन. जीपमध्ये तिला दोन सीटची जागा घेईन, कुशीवर निजू दे. त्या डॉक्टरीणबाईला आधी भेटून सांगीन, बाई, घरी होतं, माझ्या भावाला होतं. लोक हसले तर हसू दे. दुर्बीण होईस्तोवर मी दाराबाहेर बसून राहीन, आणि तिथं जे निघेल, तो आजार नाहीतर दुसरं काही, त्याचा इलाज पुरा करून घेईन. मधे वेचणी आली तरी थांबणार नाही. हा माझा शब्द.

आणि शपथ लागायचीच असली तर माझा हात तिच्या डोक्यावरून काढून मी माझ्याच डोक्यावर ठेवतो. मला लागू दे. माझं काय उरलं आहे?

तरी तू 'सुटली' म्हणालास तर बरं होईल रे. एक शब्द. लहानपणी खेळताना म्हणायचास तसा. मला आता झोप लागत नाही, पण दुपारी जेवल्यावर खाटेवर जरा डोळा लागतो, तेव्हा ये. शुक्रवारी ये, शनिवारी ये, पण रविवारच्या आत ये. नाही आलास तरी मी सांगणारच आहे. पण ये, बापा. लवकर कळव.

तुझा भेकड,
दादा